तुम्ही विचारलंत म्हणून: इटलीच्या वसाहतींचीच टपाल तिकिटं का?

अल्बम उघडा दिसला की घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, अहो आपला इटलीशी काय संबंध, जमवायचीच तर आपल्या संस्थानांची तिकिटं जमवा की, हे सोमालिया कुठून काढलंत? तुम्हीही विचारलंत, तर सांगूनच टाकतो.

सरमिसळ तिकिटांच्या एका मिक्स लॉटमध्ये हत्तीचं एक छोटंसं तिकीट निघालं. वर बेनादिर लिहिलेलं आणि किंमत २ बेसा. आता बेसा म्हणजे काय हे शोधत बसलो तर कळलं, हा आपला पैसाच की! बेनादिर म्हणजे सोमालियाची किनारपट्टी, तिथला हा १९०३ चा सेट, लहान किमतींवर हत्ती आणि १, २, अडीच, ५, १० आण्यांच्या तिकिटांवर सिंह. आणे, बरं का. इटलीची तिकिटं आणि किंमत आण्यांत. झांझिबारच्या व्यापारामुळे त्या किनाऱ्यावर आपला रुपया चालायचा, त्यामुळे इटलीवाल्यांनाही तोच हिशेब धरावा लागला, ६४ बेसांचा रुपया. मग त्यावर सेंटेसिमीचे, म्हणजे इटलीच्या लिरातल्या सुट्ट्या पैशांचे, छापे मारले, पुढे परत बेसा, १९२६ च्या तिकिटांवर परत इटलीचं चलन, काही तिकिटांवर तर एक भाव खोडून दुसरा छापलाय, आपल्याकडच्या दुकानातल्या पाटीसारखा. मी तिथेच गार.

दुसरा ठरलेला प्रश्न, महाग असतील ना? काही असतात, १९३४ च्या रोम-मोगादिशू विमानाचं 'सर्व्हिझिओ दि स्टाटो', म्हणजे सरकारी सेवा, असं छापलेलं तिकीट मी फक्त फोटोत बघतो. पण त्या काळातले कितीतरी चकाचक कोरे सेट मुळात छापलेच होते आमच्यासारख्यांना विकायला, ते अजूनही सहज मिळतात. खरं अवघड म्हणजे तेच तिकीट पाकिटावर चिकटून, शिक्का खाऊन, कुठेतरी पोचलेलं मिळणं. म्हणून मी मळकं घेतो, बायको म्हणते पैसे देऊन कचरा आणतो, असो.

आणि फसलोय पण. ओल्त्रे जूबा म्हणजे जूबा नदीपलीकडचा मुलूख, ब्रिटिशांनी केनियातून काढून १९२५ मध्ये इटलीला दिला, १९२६ मध्ये तो सोमालियात जोडलाही, म्हणजे तिकिटांना मिळालं जेमतेम एक वर्ष. तिकिटं बहुतेक साधी इटलीचीच, वर नाव छापलेलं, तेवढ्या दोन शब्दांवर भाव कुठल्या कुठे जातो. मी एक वापरलेलं घेतलं, विकणारा गोड बोलणारा होता, अस्सल असल्याचं सर्टिफिकेट मागायला मला लाज वाटली. घरी येऊन भिंग लावलं तर टपालाच्या शिक्क्याची शाई खाली आणि नावाची शाई तिच्यावर चढलेली! म्हणजे आधी तिकीट वापरलं आणि मग नाव छापलं. असं कसं होईल? शिक्क्यात गावाची तीनच अक्षरं होती, टोर, पुढचं फाटलेलं, बहुतेक टोरिनो, पण साल स्पष्ट, १९२३. त्या सालात ओल्त्रे जूबा नावाचं काही नव्हतंच, मी मात्र दुकानात फक्त कडेचे दाते बघत बसलो होतो.

फेकलं नाही ते. ओल्त्रे जूबाच्या पानावर पेन्सिलीने 'नकली' लिहून लावलंय, शेजारची जागा अजून रिकामीच आहे.