मिथेन पायोनिअर, १:२०० : तिसरी टाकी पुन्हा पहिल्यापासून

‘मिथेन पायोनिअर’ जहाजाचं छोटं मॉडेल करतोय. रविवारी त्यात तिसरी टाकी चिकटवली आणि सोमवारी रात्री मीच ती उपटून काढली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ‘नॉर्मार्ती’ हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेलं साधं मालवाहू जहाज. त्यात ॲल्युमिनियमच्या पाच टाक्या बसवल्या आणि त्याचं ‘मिथेन पायोनिअर’ झालं. जानेवारी १९५९ च्या अखेरीस लुइझियानातल्या लेक चार्ल्सहून द्रवरूप नैसर्गिक वायू घेऊन निघालं, २० फेब्रुवारीला इंग्लंडच्या कॅन्व्ही बेटाला लागलं. हा माल समुद्रापार नेणारी ही पहिलीच खेप. मूळ जहाज १०३ मीटर, माझं साडेएक्कावन्न सेंटिमीटर. आतलं दिसावं म्हणून उजवी बाजू उघडी ठेवलीय.

तर चूक अशी झाली. टाकी मी चारही बाजूंनी बाल्साला, म्हणजे भोवतीच्या हलक्या लाकडाला, गच्च चिकटवली होती. दिसत होती झकास. पण हा वायू द्रवरूपात राहतो उणे १६२ अंशांना, आणि तेवढ्या गारठ्यात ॲल्युमिनियम मीटरमागे तीन-चार मिलिमीटर आक्रसतं. म्हणून खऱ्या टाक्या खाली बाल्सावर नुसत्या टेकलेल्या होत्या, बाजूंनी मोकळ्या. (विमानांची मॉडेलं करणाऱ्यांनो, हसू नका. खऱ्या जहाजातही आपलाच बाल्सा, जोडीला प्लायवुड.) बाल्सा जहाजाच्या अंगाला आतून लावलेला, कारण साध्या पोलादाला हा गारठा लागला तर ते तडकतं. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला याच द्रवरूप वायूच्या साठवणीची टाकी फुटून १३० माणसं गेली. तिच्या पोलादात साडेतीन टक्के निकेल होतं, तरी ते ठिसूळच ठरलं. ॲल्युमिनियमचा खर्च का केला, ते इथे कळतं.

“एवढीशी फट कुणाला दिसणार?” असं घरच्यांनी विचारलं. फट नाहीच दिसणार, पण चिकटवलेली टाकी मला रोज दिसली असती.

काढताना हाल झाले. फेव्हिक्विक फारच इमानदार निघालं. ॲसिटोन लावलं तर गोंदाआधी प्लास्टिकची शीटच मऊ पडली. टाकी गेली, बाल्साचे दोन तुकडेही गेले. नवी टाकी अर्ध्या मिलिमीटरच्या शीटची केलीय, चंदेरी रंग अजून ओला आहे.

आता नवीच पंचाईत. टाकी नुसती ठेवली की जहाज तिरकं करताच आत खुडखुडते. तळाला मधोमध गोंदाचा एकच थेंब देणार आहे, म्हणजे कडा सगळीकडून मोकळ्या राहतील. आधीच्या दोन टाक्याही गच्च चिकटवलेल्या आहेत, त्यांचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये. चौथी शनिवारी कापतो.