बदललेला बोर्ड आणि 48 आकडे

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत मी लग्नपत्रिका आणि मुंजीची निमंत्रणे जुळवण्याचे काम करतो. त्यासाठी विंडोज 7 असलेला, 2011 साली घेतलेला डेस्कटॉप मी अजून राखून ठेवला आहे. जुन्या गिऱ्हाइकांच्या साऱ्या फाईली पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतांच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्यामुळे, फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते.

2022च्या जुलैत हा संगणक एका सकाळी सुरूच होईना. बाजूचे झाकण काढले तेव्हा मदरबोर्डावरच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवरच्या, चार कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी फुगून वर आलेली होती आणि एकाच्या बुडाशी तपकिरी डिंकासारखे काही तरी वाळले होते. लॅमिंग्टन रोडवर दोन तास फिरल्यावर त्याच मॉडेलचा वापरलेला बोर्ड मिळाला. जुनीच हार्ड डिस्क त्याला जोडली, यंत्र सुरू झाले, आणि पाठोपाठ विंडोजने पुन्हा ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रत अधिकृत असल्याची मायक्रोसॉफ्टकडून खातरजमा, मागितले. ॲक्टिव्हेशनच्या वेळी संगणकाच्या सुट्या भागांवरून एक ओळख तयार होते आणि बोर्ड बदलला की ती जुळत नाही, हे मला ऐकून ठाऊक होते. त्यामुळे मागणीचे नवल वाटले नाही.

माझ्याकडे विंडोजचे मूळ खोके आणि पावती होती, हे नशीब. तयार संगणकासोबत आलेला परवाना त्या यंत्राच्या बोर्डाशीच बांधलेला असतो; खोक्यात स्वतंत्र विकत घेतलेला परवाना मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, अट इतकीच की तो एका वेळी एकाच ठिकाणी वापरायचा. खोक्यावरची 25 अक्षरांची ‘की’, म्हणजे परवान्याचा संकेतांक, मी तीनदा टाकली. पुसट छपाईमुळे एका जागी ‘बी’ आहे की आठ, हे भिंगाखाली पाहावे लागले. प्रत्येक वेळी उत्तर एकच आले: संपर्क होऊ शकला नाही. विंडोज 7चा पाठिंबा 14 जानेवारी 2020 रोजी संपला, तेव्हा ॲक्टिव्हेशनही बंद झाले असणार, असे एका दुकानदाराने मला ठामपणे सांगितले. ते चुकीचे निघाले. थांबल्या होत्या त्या सुरक्षा-सुधारणा, ॲक्टिव्हेशन नव्हे.

खरी अडचण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दिसत होती आणि मी तिच्याकडे दोन दिवस काणाडोळा केला होता. घड्याळ 1 जानेवारी 2009 दाखवत होते. मी तारीख दुरुस्त करायचो, रात्री मुख्य बटण बंद करायचो आणि सकाळी पुन्हा तेच वर्ष उगवायचे, कारण वापरलेल्या बोर्डावरचा सेल पार उतरलेला होता. समोरच्या सर्व्हरची सुरक्षा-प्रमाणपत्रे तारखेवरून तपासली जातात. 2009मध्ये बसलेल्या संगणकाला पुढच्या काळातले प्रमाणपत्र अजून लागूच न झालेले वाटते आणि तो जोडणी नाकारतो. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सीआर 2032 हा बटणासारखा चपटा सेल आणून बसवला आणि तारीख टिकली.

जोडणी झाली, तरी ही ‘की’ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा वापरली गेली आहे, असे आता उत्तर आले. मधल्या वर्षांत मी दोनदा विंडोज नव्याने टाकले होते, त्याचा हा हिशेब असावा. मग फोनचा मार्ग उरला. ‘एसएलयूआय 4’ ही आज्ञा दिल्यावर देश निवडायची खिडकी उघडली आणि नंतर सहा-सहा आकड्यांच्या नऊ गटांत 54 आकडे पडद्यावर आले. ते फोनच्या बटणांवर दाबायचे, पलीकडून 48 आकडे ऐकायचे आणि ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ चौकटींत भरायचे, असा हा प्रकार. किती संगणकांवर ही प्रत आहे, या प्रश्नाला मी ‘एक’ असे उत्तर दिले.

ऐकलेले आकडे पत्नीने कागदावर उतरवले आणि ती मला वाचून दाखवू लागली. तिसऱ्या चौकटीत ती ‘सदतीस’ म्हणाली आणि ‘सद’ कानावर पडताच माझे बोट आधी सातावर गेले, त्यामागे तीन. चौकट लाल झाली. “अहो, सदतीस म्हटले मी, त्र्याहत्तर नाही!” असे ती वैतागून म्हणाली. मराठीत एकक आधी बोलायची आपली रीत अशा कामात घात करते, म्हणून पुढचे सगळे आकडे “तीन, सात” असे सुटे सुटे सांगायला मी तिला विनवले. शेवटची चौकट भरली आणि विंडोज ॲक्टिव्ह झाल्याचा संदेश आला.

फॉन्टच्या कुलपाने मात्र मुळीच त्रास दिला नाही. ते फॉन्ट चालायला डाँगल, म्हणजे किल्लीसारखा छोटा तुकडा, यूएसबीत खोचायचा असतो. ते हरवेल या धास्तीने मी वर्षानुवर्षे त्याला नावे ठेवली होती. नव्या बोर्डावर ते खोचले आणि फॉन्ट लगेच दिसू लागले. संगणकाची इंटरनेटची तार मी त्याच संध्याकाळी काढून ठेवली आणि रोज दहा-बारा जुन्या पत्रिकांच्या पीडीएफ करायला घेतल्या.

48 आकड्यांचा तो कागद पत्नीने वर तारीख घालून विंडोजच्या खोक्यात ठेवला आहे. पुन्हा बोर्ड बदलला तर 54 आकडे नवे येतील आणि या कागदाचा काही उपयोग होणार नाही, हे मी तिला सांगितले. तरी तो तिथेच आहे.