शेवटचा आउट आणि आईची एकादशी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

काल रात्रीपासून आमच्या टीव्हीला विश्रांती नाही. आईने सकाळीच जाहीर केलं, "या महिन्याचं वीजबिल तुम्ही तिघांनी वाटून घ्या. मी माझ्या मालिकांपुरते देईन."

सुरुवात धाकट्या भावाने केली. तो वारज्याला राहतो, पण त्याच्या घरी बाळ झोपलेलं असतं, म्हणून रात्री दीडच्या फुटबॉल मॅचला आमच्याकडे कोथरूडला येतो. (आमच्याकडे आई झोपलेली असते, ते चालतं.) लिव्हरपूल लीगमध्ये ओळीने चार मॅच हरलं होतं, त्यामुळे स्वारी महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हती. काल ॲस्टन व्हिलाला २-० हरवलं, त्यातला एक गोल सलाहचा, क्लबसाठीचा अडीचशेवा. धाकटा उशीत तोंड खुपसून ओरडला आणि तिथेच सोफ्यावर घोरायला लागला.

साडेपाचला त्याला भाच्याने उठवलं. भाचा दोन वर्षं टोरांटोला शिकायला होता. दिवाळीला आलाय तो अजून इथेच आहे. डोक्यावर निळी टोपी, हातात रिमोट. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची सातवी आणि शेवटची मॅच, टोरांटो विरुद्ध लॉस एंजेलिस. १९९३ नंतर टोरांटो जिंकलेलं नाही, म्हणजे हा जन्मायच्याही आधीची गोष्ट.

"वर्ल्ड म्हणे! तीस टीम, त्यातल्या एकोणतीस अमेरिकेच्या," धाकट्याने पांघरुणातूनच सुरू केलं. "आणि हे आहे काय? एक जण फेकतो, एक उभा राहतो, बाकीचे बिया चघळतात. विटीदांडू परदेशात स्थायिक झाला की असा होतो."

"मामा, तुमच्या सॉकरमध्ये..."

"सॉकर म्हणायचं नाही या घरात!"

हा शब्द इंग्रजांच्याच पोरांचा आहे, 'असोसिएशन फुटबॉल'मधून त्यांनीच काढलेला, हे मी धाकट्याला दहादा सांगितलंय. तो ऐकत नाही. त्याचं दुःख वेगळं आहे. बालेवाडीला एफसी पुणे सिटीच्या मॅचना जाऊन त्याने पाच सीझन घसा बसवून घेतला. २०१९ ला टीमच बंद झाली. तेव्हापासून त्याने सगळा जीव परदेशी लोकांवर लावलाय आणि त्याबद्दल कुणी काही बोललेलं त्याला खपत नाही.

तिसऱ्या इनिंगमध्ये टोरांटोच्या बिशेटने लॉस एंजेलिसच्या ओहतानीला असा काही हाणला की तीन जण एकदम घरी आले, म्हणजे तीन धावा. ३-०. भाचा नाचला. मग त्याने मामाला तत्त्वज्ञान ऐकवायला घेतलं. "तुमच्याकडे आघाडी मिळाली की बॉल कॉर्नरला नेऊन उभे राहतात, नाहीतर पाय धरून लोळतात. इथे घड्याळ वाचवायला येत नाही मामा. सत्तावीस आउट म्हणजे सत्तावीस. शेवटचा आउट घ्यावाच लागतो."

हिने चहा आणून ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "पहिल्या बेसवर माणूस आहे ना, मग बॉल हातात घेऊन दुसऱ्या बेसला नुसता पाय लावला तरी तो आउट. त्याला हात कशाला लावायला हवा?" आम्ही तिघं बघतच राहिलो. ही शाळेत सॉफ्टबॉल खेळायची. लग्नाला अठरा वर्षं झाली, मला आज कळलं. एवढ्या आरडाओरड्यात बॅट हातात धरलेलं माणूस घरात एकच निघालं, आणि ते चहा करत होतं.

नववी इनिंग. टोरांटो ४-३ ने पुढे, दोन आउट घेतले की संपलं. भाचा टोपीशी चाळा करत उभा. आणि लॉस एंजेलिसच्या रोहासने, ज्याचं नाव सकाळपासून कुणी घेतलं नव्हतं, बॉल थेट प्रेक्षकांत धाडला. बरोबरी. अकराव्या इनिंगला त्यांच्याच स्मिथने आणखी एक तसाच मारला. शेवटी एकाच बॉलवर दोन आउट, ५-४. लॉस एंजेलिसकडून शेवटी टाकायला जो यामामोटो होता त्याने आदल्या दिवशीच ९६ बॉल टाकले होते. आपल्याकडे एवढ्यात खांद्याचा एमआरआय झाला असता.

भाचा गप्प. धाकट्याने अंगावरचं पांघरूण बाजूला केलं, शांतपणे म्हणाला, "घड्याळ असतं ना, तर तू जिंकला होतास."

मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण वाक्य बिनतोड होतं. पोरगं टोपी काढून बाल्कनीत जाऊन बसलं. पावणेदहा वाजले असतील.

मग दोघांना घेऊन खाली अमृततुल्यावर गेलो. विषय बदलायला मी क्रिकेटवाल्या भाऊसाहेब निंबाळकरांना आणलं. १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ ला फक्त नऊ कमी. आणि समोरची टीम परत मैदानात उतरायलाच तयार नाही! मॅच सोडून दिली. "मामा, हे तर सगळ्यात वाईट," भाचा सकाळपासून पहिल्यांदा हसला. "आम्ही निदान हरेपर्यंत थांबलो." धाकट्यालाही हे पटलं. त्याने त्याच्या क्रीमरोलचा अर्धा तुकडा भाच्याला दिला. त्याच्या हिशेबाने ही दिलगिरी.

दुपारी सगळे आडवे. संध्याकाळी नवी मुंबईत पाऊस, महिलांच्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल दोन तास उशिरा सुरू. इथे कुणी भांडलं नाही. शफालीच्या ८७ ला आईनेही टाळ्या वाजवल्या. दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्टने शतक केलं तेव्हा धाकटा नखं खायला लागला. पण दीप्तीने तिलाही काढलं, पाच विकेट घेतल्या. शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे धावत घेतला आणि भाचा सोफ्यावर उभा राहून ओरडला, "बघ मामा! शेवटचा आउट! घ्यावाच लागतो!" धाकट्याने त्याला उचललाच. खालच्या काकांनी फटाके लावले, दिवाळीचे उरलेले.

या गोंधळात बारा वाजून गेले. काल स्मार्त एकादशी झाली, आज भागवत. आई दोन्ही करते, त्यामुळे दोन दिवस घरात खिचडी आणि वरीचे तांदूळ. धाकटा फ्रिज उघडून उभा. "आई, बारा वाजले. तारीख बदलली. आता अंडी फोडायला हरकत नाही ना?"

आई पांघरूण ओढून घेत म्हणाली, "एकादशी सूर्योदयाला सुटते. घड्याळावर नाही."

भाच्याने निळी टोपी शोधून डोक्यावर घातली आणि मामासमोर खिचडीचं पातेलं आणून ठेवलं.