मेटग्लास-पीव्हीडीएफ सेन्सर: पट्टी चिकटवण्यापासून खऱ्या सिग्नलपर्यंत

चुंबकीय क्षेत्र बदललं की मेटग्लासची (स्फटिकरचना नसलेल्या, लोखंडाच्या मिश्रधातूची) पट्टी किंचित ताणली जाते, तिला चिकटलेली पीव्हीडीएफ फिल्मही (ताण पडला की चार्ज देणारं प्लास्टिक) ताणली जाते आणि फिल्मच्या दोन बाजूंमध्ये व्होल्टेज येतं. तत्त्व एवढंच. वेळ जातो तो नीट चिकटवण्यात, आणि त्याहून जास्त, दिसतोय तो सिग्नल खरा आहे का हे ठरवण्यात.

मी मेटग्लास २६०५ एसए१ची सुमारे २५ मायक्रॉन जाडीची रिबन घेतली आणि २८ मायक्रॉनची, दोन्ही बाजूंना धातूचा थर असलेली पीव्हीडीएफ फिल्म. मेटग्लास ३० × ८ मिमी, फिल्म ३५ × ८. जास्तीच्या ५ मिमीवर तारा लावायच्या. फिल्मची ताणाची दिशा (बनवताना ती ज्या दिशेने ओढलेली असते ती) लांबीवरच हवी, आडवी कापली तर चार्ज फारच थोडा मिळतो. कात्रीने कापल्यावर मल्टिमीटरने शॉर्ट दाखवला. भिंगाखाली पाहिलं तर कडेवर धातू एका बाजूकडून दुसरीकडे ओढला गेला होता. नव्या ब्लेडने कड तासली, शॉर्ट गेला. कपॅसिटन्स १ नॅनोफॅरॅडच्या आसपास आला की फिल्म ठीक आहे.

मेटग्लास अ‍ॅसिटोनने पुसलं, फिल्म मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने. चिकटवायला सावकाश सुकणारं इपॉक्सी. पाच मिनिटांवालं दाबून पसरायच्या आतच घट्ट होतं. थेंबभर पुरतं. दोन काचांमध्ये, टेफ्लॉनचा कागद घालून, वर दोन किलो वजन, २४ तास. थर जाड राहिला तर ताण इपॉक्सीतच मुरतो. लवकर सुकावं म्हणून ओव्हनमध्ये ठेवू नका: ८० अंशांच्या पुढे फिल्मचा पीझो गुण (ताणातून चार्ज देण्याचा) उतरू लागतो. म्हणूनच सोल्डरिंगही नको, तारा चांदीच्या कंडक्टिव्ह इपॉक्सीने लावा.

चाचणीला बायस, म्हणजे पट्टीवरचं स्थिर चुंबकीय क्षेत्र, द्यायला ५ सेंमी त्रिज्येची, प्रत्येकी ५० वेढ्यांची हेल्महोल्ट्झ कॉइल (समोरासमोरच्या दोन सारख्या कॉइलची जोडी): १ अँपिअरला ०.९ मिलिटेस्ला. त्याच साच्यावर वेगळ्या वेढ्यांतून १ किलोहर्ट्झचं १ मायक्रोटेस्ला बदलतं क्षेत्र दिलं. फिल्मच्या चार्जचं व्होल्टेज करणाऱ्या चार्ज अ‍ॅम्प्लिफायरला १०० पिकोफॅरॅड आणि १०० मेगाओम, म्हणजे १६ हर्ट्झच्या वरचं सगळं येतं; पुढे लॉक-इन, म्हणजे दिलेल्या फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल वेगळा काढून मोजणारा अ‍ॅम्प्लिफायर. घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आवरायला पट्टीभोवती ग्राउंड केलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरली.

बायस शून्य असतानाही लॉक-इनवर भरपूर आकडा होता. तो सेन्सरचा नव्हता. दोन तारांमधल्या फटीचा वेढा झाला होता आणि बदलतं क्षेत्र त्यात व्होल्टेज उभं करत होतं. ओळखायची खूण सोपी आहे: बायसची दिशा उलटवा. खरा सिग्नल १८० अंशांनी फिरतो, तारांमधला जागचा हलत नाही. तारा थेट पट्टीपर्यंत पीळ देऊन नेल्यावर बराचसा खोटा भाग गेला. उरलेल्यासाठी दोन्ही दिशांचे एक्स आणि वाय (लॉक-इन दाखवतो ते सिग्नलचे दोन घटक) नोंदवून घ्या, वजाबाकी करा, निम्मं करा. मग बायस वाढवत आलेख काढला की सिग्नल चढतो, शिखर गाठतो आणि मेटग्लास संपृक्त होऊ लागलं (आणखी चुंबकित होऊ शकेनासं झालं) की उतरतो. पट्टी जितकी आखूड आणि रुंद, तितकं ते शिखर पुढे, जास्त बायसकडे, सरकतं.