जुन्या ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगला तेल कोणते?

आमच्या निपाणी-चिकोडी भागात गळीत हंगाम तोंडावर आला, की दारादारांत जुन्या ट्रॅक्टरांची डागडुजी सुरू होते. टायर, क्लच, ट्रॉलीचा हूक यांकडे सर्वांचे लक्ष असते. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची आठवण मात्र स्टिअरिंग जड झाल्यावर किंवा पंप कण्हू लागल्यावरच होते. मग घरातल्या एखाद्या पोराला दुकानात पिटाळले जाते. दुकानदार विचारतो, "कुठलं देऊ, लाल का पिवळं?" आणि पोरगा टाकीत पूर्वी काय दिसले होते ते आठवून सांगतो, "लालच द्या अण्णा." एवढ्यावर खरेदी आटोपते.

रंगावरून तेल ओळखण्याची ही पद्धत मुळातच फसवी आहे. एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनवलेल्या आणि पॉवर स्टिअरिंगमध्येही वापरल्या जाणाऱ्या तेलात, लाल रंग मिसळलेला असतो, तो गळती चटकन दिसावी आणि इंजिन ऑइलपासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून. त्या रंगाचा वंगणाशी काही संबंध नसतो. दोन लाल तेलांचा पातळपणा वेगळा असू शकतो आणि लाल व पिवळे तेल गुणाने बरेच जवळचे असू शकते. त्यामुळे डब्याचा रंग पाहण्याआधी आपल्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग तेल कोठून उचलते, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

हे पाहायला मेस्त्रीची गरज नाही. इंजिनला लागून असलेला स्टिअरिंगचा पंप शोधावा. त्याला जोडलेल्या नळ्यांपैकी जी सर्वांत जाड असते आणि बहुधा साध्या क्लिपने आवळलेली असते, ती सक्शनची, म्हणजे तेल ओढणारी नळी; पेचाच्या नटांनी घट्ट बसवलेली बारीक नळी दाबाची. जाड नळीवर हात ठेवून तिचा माग काढत जावे. ती बोनेटखालच्या लहान टाकीत शिरत असेल, तर स्टिअरिंगचे तेल स्वतंत्र आहे. ती मागे गिअरबॉक्सच्या दिशेने जात असेल, तर गिअर, लिफ्ट, ओले (तेलात बुडालेले) ब्रेक आणि स्टिअरिंग हे सर्व एकाच तेलावर चालते. जॉन डियरच्या ५००० मालिकेतील ट्रॅक्टरांची रचना अशीच सामायिक आहे.

सामायिक तेल असेल, तर निवडीला फारसा वाव उरत नाही. तेथे यूटीटीओ प्रकारचे, म्हणजे ट्रान्समिशन आणि हायड्रॉलिक या दोन्हींसाठी बनवलेले तेलच हवे आणि तेही कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे. जॉन डियरच्या बाबतीत ती प्रत जे२०सी या नावाने ओळखली जाते. या तेलात गिअरच्या दातांवरील भार सोसणारी आणि ओल्या ब्रेकच्या पट्ट्यांचे घर्षण योग्य राखणारी द्रव्ये असतात. त्याऐवजी साधे ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल ओतले, तर स्टिअरिंग काही काळ तक्रार करणार नाही. पण ब्रेक दाबताच मागून कर्कश आवाज येऊ लागेल आणि गिअरची झीज मुकाट्याने होत राहील. थोड्या पैशांच्या बचतीपायी अख्खे मागचे अंग पणाला लावण्यात काय शहाणपण आहे?

खरा गोंधळ स्वतंत्र टाकीच्या जुन्या ट्रॅक्टरांत होतो, कारण पुस्तिकेत छापलेले तेलाचे नाव आज दुकानात मिळतच नाही. जनरल मोटर्सने १९४९मध्ये 'टाइप ए' हे एटीएफचे मानक आणले, १९५७मध्ये त्याची 'सफिक्स ए' ही सुधारित आवृत्ती आली आणि पुढे त्याची जागा डेक्सरॉन मालिकेने घेतली. पुस्तिकेत यांपैकी कोणतेही जुने नाव असेल, तर आज डेक्सरॉन-३ दर्जाचे खनिज एटीएफ घ्यावे. मात्र जनरल मोटर्सने डेक्सरॉन-३चे परवाने २००६च्या अखेरीस थांबवले असल्याने डब्यावरचा तो उल्लेख आता तेल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. म्हणूनच सुट्या, पिंपातल्या तेलापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा सीलबंद डबा मी पसंत करतो. डेक्सरॉन-६ हे नंतरचे म्हणून अधिक चांगले, असे समजू नये. ते आधीच्या तेलापेक्षा पातळ असते, आणि झिजलेल्या पंपात पातळ तेल आतल्या आत अधिक निसटते.

पातळपणाचे हे गणित थोडे समजून घेण्यासारखे आहे. हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावर ३२, ४६ किंवा ६८ असा आकडा असतो. तो ४० अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला तेलाचा दाटपणा सेंटिस्टोक या एककात सांगतो. डेक्सरॉन-३चा दाटपणा त्याच तापमानाला साधारण ३५च्या आसपास असतो, तर यूटीटीओचा बहुधा ५५ ते ७०च्या दरम्यान. अथणी-रायबागकडे भर उन्हात नांगरणी करताना टाकीतले तेल ४० अंशांच्या कितीतरी वर जाते आणि तेथे किंचित दाट तेल फायद्याचे ठरते. त्यामुळे पुस्तिका हरवली असेल, टाकी स्वतंत्र असेल आणि आधी काय घातले होते हे कोणालाच ठाऊक नसेल, तर टाकी रिकामी करून चांगल्या प्रतीचे यूटीटीओ भरणे हा माझ्या मते सुरक्षित मार्ग आहे. तेही खनिज तेलच असल्याने ऑइल सील आणि ओ-रिंगला त्याचा त्रास होत नाही. कारसाठी मिळणारे हिरवे सिंथेटिक स्टिअरिंग तेल मात्र येथे चालणार नाही. त्यातील काहींचा दाटपणा ४० अंशांना २०च्या आसपासच असतो.

उलट बाजूची चूकही सर्रास दिसते. कारखान्याच्या आवारात नंबराची वाट पाहत, इंजिन मंद ठेवून, भरलेली ट्रॉली इंच-इंच पुढे सरकवताना स्टिअरिंग जड लागते, कारण मंद इंजिनावर पंप कमी तेल ढकलतो. पंप झिजलेला असेल तर आणखीच कमी. अशा वेळी "नव्वद नंबर घाल, हलकं होतंय बघ," असा सल्ला हमखास मिळतो. नव्वद नंबर हे गिअर ऑइल आहे. साध्या, हाताच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये ते योग्यच असते आणि बहुधा म्हणूनच हा घोटाळा होतो. पॉवर स्टिअरिंगच्या टाकीत ते ओतल्यास दुपारी दोन दिवस बरे वाटते; पण डिसेंबरच्या पहाटे ते इतके घट्ट असते की पंपाला ते ओढवत नाही, आत पोकळ्या निर्माण होतात आणि अगोदरच झिजलेला पंप कायमचा जातो. पंपाच्या झिजेला तेल हे औषध नाही.

ब्रेक ऑइलबद्दल एवढेच सांगतो, की ते ग्लायकोलचे असते आणि खनिज तेलासाठी बनवलेली रबरी सील त्यात फुगून निकामी होतात. चमचाभरही नको.

खानापूरकडच्या भातशेतीत वेगळीच अडचण असते. केजव्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके) लावून चिखलणी करताना पुढचा सिलिंडर चिखलात बुडतो आणि त्याच्या रॉडचे सील जुने असेल तर पाणी आत शिरते. चिखलणी संपल्यावर टाकीतले थोडे तेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी पाण्याचा थर दिसला किंवा तेल ताकासारखे पांढरट राहिले, तर ते बदललेच पाहिजे. बुडबुडे वर येऊन तेल स्वच्छ झाले, तर ती हवा असते. मग सक्शनच्या नळीची क्लिप आणि नळीवरच्या बारीक चिरा तपासाव्यात. तेल बदलून काही होणार नाही.

तेल बदलताना परतीची नळी टाकीपासून सोडवून डब्यात धरावी आणि टाकीत जाळी किंवा फिल्टर असेल तर तोही काढावा. जुने तेल निघाल्यावर पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून, टाकी भरून, इंजिन मंद ठेवून चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावीत. टोकाला स्टिअरिंग दाबून धरू नये, कारण तेथे जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल झपाट्याने तापते. फेस जाईपर्यंत हे करत, लागेल तसे तेल वाढवत राहावे. शेवटची पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद आणि चाके सरळ ठेवून पाहावी आणि कोणते तेल भरले ते रंगाने टाकीवरच लिहून टाकावे, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात जाणाऱ्याला अंदाज करावा लागणार नाही.