दगडाला नावं ठेवणारे

'दगड' हा शब्द कोल्हापुरात माणसांसाठीच जास्त वापरला जातो. सोपा कॅच सोडला की पोरगं दगड, गणित चुकलं की दगड. खऱ्या दगडांना लोकांनी काय काय नावं ठेवलीत ते बघायला गेलं, तर याहून मजा येते. नाव ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दगडाकडे लक्षच नव्हतं. कुणाला त्यात वीट दिसत होती, कुणाला जिना, कुणाला भूत.

आपल्या घरचंच घ्या. स्टँडवरून गारगोटीच्या एसट्या सुटतात. वेदगंगेकाठचं, भुदरगड तालुक्याचं हे गाव. गारगोटी म्हणजे पांढरा दुधी खडा, भूगर्भवाल्यांचा क्वार्ट्झ. वळवाच्या पावसात पडते तीही गार आणि ओढ्यात सापडते तीही गार, दोन्हींना मराठीत एकच शब्द. ग्रीकांनाही हेच दिसलं होतं. त्यांचा 'क्रिस्टालॉस' म्हणजे बर्फ, आणि त्यावरूनच इंग्रजीतला क्रिस्टल आला. पारदर्शक स्फटिक म्हणजे इतका कडक गोठलेला बर्फ की आता तो वितळायचाच नाही, असं प्राचीन रोमचा ग्रंथकार प्लिनीही धरून चालला होता. या बर्फातून आम्ही मात्र उजेड काढायचो. लाईट गेली की पांघरुणात शिरायचं आणि दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासायच्या. दगडाच्या आतच नारिंगी उजेड लुकलुकतो आणि जळका वास सुटतो. हात बधिर होतात, पण पुन्हा पुन्हा घासावंसं वाटतं.

अभ्रकात आपल्या लोकांना अभ्र म्हणजे ढग दिसला, तर लॅटिन नाव ठेवणाऱ्यांना 'मायका', म्हणजे चुरा, कण. इथे मी आपल्या बाजूचा.

पण सगळ्यात लांबचा प्रवास केला आहे तो आपल्या काळ्या कातळाच्या नावानं. बसाल्ट. पाटा, वरवंटा, जातं, अंबाबाईच्या देवळाच्या भिंती, सगळं यातलंच. ग्रीकमध्ये 'बासानोस' म्हणजे सोनं घासून पारखायचा दगड, आपली कसोटी. त्यावरून झालं 'बासानायटीस', आणि प्लिनीच्या पोथ्या उतरवून घेताना कुणीतरी घोटाळा केल्यानं त्याचं 'बासाल्टीस' झालं, असं अभ्यासक मानतात. पुढं १५४६ साली जर्मनीतल्या आग्रिकोलानं ते चुकलेलं नाव स्टोल्पेनच्या किल्ल्याखालच्या काळ्या खडकाला चिकटवलं, ते चिकटलंच. म्हणजे सह्याद्रीच्या कातळाच्या नावात एका कारकुनाची चूक आहे.

कसोटी बघायची असेल तर गुजरीत जावं. सराफ बोटभर काळा दगड काढतो, त्यावर दागिन्याची कड ओढतो, शेजारी माहितीच्या सोन्याची दुसरी रेघ ओढतो आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब टाकतो. हलकं असेल तर रेघ फिकी पडत जाते. गिऱ्हाइकाचा चेहरा त्या रेघेबरोबरच बदलतो. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणं. निकष, कस, कसोटी ही सगळी त्याच घरची, आणि पाच दिवसांचा क्रिकेट सामनाही. ग्रीकांचा बासानोस मात्र पुढं वाईट वळणाला लागला. पारखण्यावरून उलटतपासणी आणि उलटतपासणीवरून छळ असा त्याचा अर्थ होत गेला.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि आपलं पठार झालं. जोतिबाच्या डोंगरावरून पन्हाळ्याकडे बघितलं तर ते टप्पे डोळ्यांनी मोजता येतात. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. डेक्कन म्हणजे दख्खन, आणि ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, तर स्वीडिशमधला 'त्राप्पा', जिना. लाव्ह्याच्या थरांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढं त्यांत पांढरी खनिजं भरली. रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात असे पांढरे ठिपकेवाले तुकडे हमखास दिसतात. त्यांतल्या पुष्कळांना झिओलाइट म्हणतात. स्वीडनच्या क्रोन्स्टेटनं १७५६ साली असला खडा तापवला, तर तो उकळी आल्यासारखा फसफसला. म्हणून नाव 'उकळता दगड'. हल्ली कारखान्यात बनवलेला झिओलाइट कपड्यांच्या पावडरीत असतो.

भुताचं सांगायचं राहिलं. जर्मन खाणकामगारांना एका खनिजातून चांदी निघेना, उलट भट्टीत विषारी धूर निघे. त्यांनी खापर 'कोबोल्ड' नावाच्या खाणीतल्या भुतावर फोडलं. त्यावरूनच कोबाल्ट या धातूचं नाव पडलं.

आता जांभा. १८०० च्या सुमारास फ्रान्सिस बुकानन मलबारात हिंडत होता. तिथं लोक हा दगड मऊ असताना कापून काढत आणि उन्हावाऱ्यात कडक झाला की भिंतीत घालत. त्यानं लॅटिनमधल्या 'लाटर', म्हणजे वीट, यावरून लॅटराइट हे नाव १८०७ साली छापलं. आमच्या मसाई पठारावर पसरलाय तो हाच. जांभ्याचा पिवळसर तपकिरी रंग ज्या लोहखनिजामुळे येतो, ते गोएथाइट. हे नाव १८०६ साली जर्मन कवी गोएथे याच्या मानार्थ ठेवलं गेलं. गड्याला दगड जमवायचा भारी नाद होता, हे कबूल. तरी खनिजाला माणसाचं नाव देणं म्हणजे पेठेतल्या चौकाला नाव देण्यासारखं वाटतं. त्यावरून चौकाचा काहीच पत्ता लागत नाही.

जांभ्याच्याच भाऊबंदांपैकी बॉक्साइट, ज्यातून ॲल्युमिनियम काढतात. आपल्या शाहूवाडी, राधानगरीकडच्या डोंगरांत ते आहे. नाव मात्र दक्षिण फ्रान्समधल्या ले बो गावाचं, कारण पिएर बेर्तिए या गृहस्थानं १८२१ साली ते तिथं ओळखलं. तो चुकून आपल्याकडे उतरला असता, तर जगभरच्या ॲल्युमिनियमवाल्यांना 'शाहूवाडाइट' म्हणावं लागलं असतं. आणि 'ड'चा उच्चार शिकवायला आपण बसलोच होतो.