तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी ‘असलंच’ ऐकते

“एवढं संगीत पडलंय जगात, आणि तू हे जांभया देत गायलेलं काय ऐकतेस?” सवाईला माझ्या शेजारी बसून तल्लीन होणारी माणसंसुद्धा घरी आली की हेच विचारतात. आजवर विषय बदलला. आता सांगते.

मी ऐकते त्याला स्लॅकर रॉक म्हणतात: सैल, अघळपघळ गायलेलं, फारसं घासूनपुसून न घेतलेलं रॉक. पण ते आळशी नाही. गायडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकन बँडचे रॉबर्ट पोलार्ड ओहायोतल्या डेटनमध्ये वर्षानुवर्षं शाळामास्तर होते. त्यांचा १९९४चा अल्बम ‘बी थाउजंड’ बराचसा घरांच्या तळघरांत आणि गॅरेजांत, चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या, घरगुती रेकॉर्डरवर झाला. वीस गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटं! असं यंत्र घरात आल्यावर स्टुडिओच्या भाड्याची धास्ती गेली, आणि पहिल्या दमात जे उमटलं ते ठेवायची मुभा मिळाली. पेव्हमेंट या दुसऱ्या बँडचा १९९२चा पहिला अल्बमही कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनला, त्यांचा ड्रमर गॅरी यंग याच्या घरच्या स्टुडिओतलाच.

पण मला हे पुस्तकी बोलून भागत नाही, कारण माझं दुखणं वेगळं आहे.

कॉलेजच्या गॅदरिंगची निवड फेरी होती. माझं स्वतःचं गाणं होतं. पेव्हमेंटचा स्टीफन माल्कमस गिटार नेहमीपेक्षा वेगळी लावतो, हे कळल्यापासून मीही तशी लावायला लागले होते: सहावी तार ई वरून सीवर, पाचवी ए वरून जीवर. तारा सैल होतात, थोड्या फडफडतात, आणि त्या फडफडीतच गाणं सुचलं होतं. पहिलं कडवं संपायच्या आत परीक्षक उठले. “थांब बाळा, गिटार उतरलीय तुझी.” मंचावर आले, माझ्या हातातून गिटार घेतली, ट्यूनर लावून सहाही तारा नीट जुळवल्या आणि प्रेमाने परत दिली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडून “सर, ती मुद्दाम...” एवढंही निघालं नाही. बोटं सवयीने जुन्या जागी पडली आणि तेव्हा गाणं खरोखरच बेसूर झालं. पहिल्यांदाच. ते मान हलवत होते, बघा, मदत करूनही जमत नाही हिला. त्यांचा मला राग नाही म्हणावं, तर आजही ते लिहिताना हात गरम होतात.

त्यानंतर बरीच वर्षं मी भांडत राहिले की यातली प्रत्येक ढिलाई ठरवून केलेली असते. आता तसं म्हणवत नाही. यंगचे काही ठोके नुसतेच घसरलेले वाटतात, कुणी ठरवलेले नव्हेत, आणि मला तेही हवे असतात. गाणारा ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो तेव्हा मला श्वास घ्यायला जागा मिळते. ती जागा त्याने ठेवली की राहून गेली, याने मला खरंच फरक पडतो का?

माझी बहीण म्हणते, मागे घर भक्कम असलं की असं सैल गाता येतं. मी तिला सांगते, माल्कमस न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात पहारेकरी होता. ती म्हणते, पदवी घेऊन पहारेकरी होणं वेगळं. तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही, आणि मान्यही करवत नाही.